सुई टोचण्याआधीची दोन मिनिटे

नवजात अतिदक्षता विभागात नुकत्याच रुजू झालेल्या एका परिचारिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टाचेतून रक्त घेण्यापूर्वी किंवा सलाइनची सुई लावण्यापूर्वी बाळाच्या जिभेवर साखरेचे द्रावण द्यावे, असे त्यांना प्रशिक्षणात शिकवले गेले. विभागातील जुनी मंडळी मात्र सांगतात की टोचणे क्षणाचे असते, बाळ लगेच विसरते आणि एवढ्याशा कामासाठी थांबायला कोणाला वेळ नसतो. साखरेने दुखणे खरोखर कमी होते की बाळ नुसते गप्प बसते? दिवसातून दहा वेळा दिली तर अपाय होतो का? बधिर करणारे मलम का वापरत नाहीत? आणि अशा वेळी आईला जवळ ठेवावे की बाहेर पाठवावे?

या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मला शेवटी वेळेपाशीच येऊन थांबताना दिसतात. छोट्या प्रक्रियांमधील वेदना कमी करण्यासाठी जे लागते, ते बहुतेक विभागांत आधीपासून असते. पण साखर सुईच्या सोबतच दिली जाते, मलम लावून दहा मिनिटांत पुसले जाते, आईला काम संपल्यावर बोलावले जाते, आणि मग "याचा काही उपयोग होत नाही" असा निष्कर्ष निघतो. तुमच्या सहकाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण मीही बरीच वर्षे असेच काम केले आहे.

"बाळ लगेच विसरते" या समजुतीचा इतिहास फार जुना नाही आणि सुखद तर मुळीच नाही. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर मोठ्या शस्त्रक्रियासुद्धा स्नायू शिथिल करणारे औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड हा सौम्य गुंगीचा वायू एवढ्यावरच होत असत. बाळाच्या मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण पूर्ण झालेले नसते, म्हणून त्याला वेदना नीट जाणवत नाहीत, असा त्यामागचा तर्क होता. १९८७ मध्ये ऑक्सफर्ड येथे के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत काही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नेहमीच्या पद्धतीसोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले आणि काहींना दिले नाही. ज्यांना दिले नाही त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. त्यानंतर मोठ्या शस्त्रक्रियांची पद्धत बदलली. टाचेची सुई मात्र "किरकोळ" या सदरात राहून गेली.

मायलिनचा तर्क मुळातच लंगडा होता. वेदना वाहून नेणारे जे सर्वांत बारीक तंतू असतात, त्यांच्यावर प्रौढ माणसातही मायलिन नसते, आणि बाळाच्या शरीरात संदेशाला जायचे अंतरही कमी असते. उलट एक गोष्ट बाळाच्या विरोधात जाते: मेंदूकडून मज्जारज्जूकडे येऊन वेदनेचा संदेश मंदावणारी यंत्रणा सर्वांत उशिरा परिपक्व होते. म्हणजे बाळ जितके अपुऱ्या दिवसांचे, तितके त्याच्याकडे वेदनेला आवर घालण्याचे अंगभूत साधन कमी. वारंवार टोचलेली टाच दुसऱ्या टाचेपेक्षा अधिक हळवी होते आणि नुसत्या स्पर्शालाही पाय मागे खेचला जातो, हे १९८० च्या दशकातच मोजले गेले आहे.

आणि विसरण्याबद्दल म्हणाल, तर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटासा अभ्यास माझ्या मनात कायमचा घर करून बसला आहे. मधुमेह असलेल्या मातांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांची रक्तशर्करा तपासण्यासाठी पहिल्या दिवसात त्यांच्या टाचेला वारंवार टोचावे लागते. अशी बाळे आणि ज्यांना टोचावे लागले नव्हते अशी बाळे, या दोन्ही गटांचे नंतर हाताच्या शिरेतून रक्त घेतले गेले. पहिल्या गटातील बाळांना ती सुई जास्त दुखली, हे समजण्यासारखे आहे. पण सुई लागण्यापूर्वी कातडी निर्जंतुक करण्यासाठी नुसती पुसली जात असतानाच त्यांचे चेहरे आक्रसू लागले होते. वय होते जेमतेम दीड दिवसाचे. कापसाचा थंड बोळा आणि पुढे येणारे दुखणे यांचा संबंध त्यांनी जोडला होता. याला विसरणे म्हणायचे असेल तर मग शिकणे कशाला म्हणायचे?

माझ्या निवासी डॉक्टर असतानाच्या काळातील एक रात्र सांगते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले, किलोभरही वजन नसलेले बाळ होते आणि त्या रात्रीतील त्याचे ते तिसरे टोचणे होते. मी टाच टोचली, नळी भरेपर्यंत दाबली. बाळ रडले नाही, फक्त त्याने हाताची बोटे पंख्यासारखी फाकवली आणि नंतर हात-पाय सैल सोडून पडून राहिले. नोंदवहीत मी "प्रक्रिया व्यवस्थित सहन केली" असे लिहीत होते, तेवढ्यात मॉनिटर वाजू लागला; ऑक्सिजनचे प्रमाण सत्तरच्या घरात घसरले होते आणि हृदयाचे ठोके मंदावले होते. वरिष्ठ परिचारिकेने एक हात बाळाच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने त्याचे पाय पोटाशी घेतले आणि बाळ सावरेपर्यंत ती हलली नाही. रडायलाही ताकद लागते, एवढेच ती म्हणाली. माझ्या शेऱ्यावर मी नंतर काट मारली.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वापरली जाणारी पीआयपीपी ही वेदनामापन पट्टी नेमकी हीच गोष्ट लक्षात घेते. चेहऱ्याच्या तीन खुणा, हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन यांच्या जोडीला तीत बाळाच्या गर्भवयाला आणि प्रक्रियेपूर्वी ते जागे होते की झोपेत यालाही गुण आहेत. बाळ जितके लहान आणि जितके झोपेत, तितके गुण अधिक धरले जातात, कारण त्याची प्रतिक्रिया क्षीण असली तरी दुखणे क्षीण नसते. पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी एनआयपीएस ही सोपी पट्टी पुरते आणि दोन महिन्यांपुढील बाळांसाठी एफएलएसीसी. कोणती वापरता यापेक्षा विभागातील सगळे एकच वापरतात का, हे महत्त्वाचे. पट्टी हाताशी नसेल तेव्हा चेहरा पाहा: भुवया खाली येऊन मध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटले जातात, नाकाच्या बाजूची घडी खोल होते, तोंड आडवे ताणले जाते आणि जीभ कडा वर उचलून पन्हळीसारखी होते. तोंडात श्वासनलिकेची नळी असलेले बाळ आवाज काढू शकत नाही, पण भुवया आणि डोळे बोलतात.

आता उपायांकडे येऊ. पहिला उपाय साखर नसून न केलेले टोचणे हा आहे. पॅरिस आणि परिसरातील अतिदक्षता विभागांमध्ये ४३० नवजात बाळांची पहिले १४ दिवस नोंद ठेवली गेली, तेव्हा एकेका बाळाला दिवसाला साधारण १० वेदनादायी प्रक्रियांना सामोरे जावे लागत होते आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के प्रक्रियांपूर्वी वेदना कमी करण्यासाठी खास असे काहीही केले गेले नव्हते; हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या आकड्यावर साखरेचा थेंब हे उत्तर अपुरे आहे. सकाळचे रक्त आठ वाजता, आधीच्या पाळीत राहिलेली तपासणी नऊ वाजता आणि कावीळ पाहायला पुन्हा अकरा वाजता, असे का होते? एकाच टोचण्यात हे सगळे निघाले असते. कातडीवरून कावीळ मोजणारे यंत्र असेल तर अनेक बाळांचे बरेच रक्ताचे नमुने टळतात. "रोजच्या तपासण्या" या नावाने चाललेल्या तपासण्यांतून काल कोणता निर्णय बदलला, हे विचारण्याचा अधिकार परिचारिकेलाही आहे. मी तरी माझ्या विभागात तो दिलेला आहे, आणि त्यामुळे माझ्याच लिहिलेल्या तपासण्या काही वेळा रद्द झाल्या आहेत.

टोचायचेच असेल, तर कुठे टोचायचे हा पुढचा प्रश्न. पूर्ण दिवसांच्या बाळात, हात बसलेली व्यक्ती उपलब्ध असेल, तर टाचेपेक्षा हाताच्या मागच्या शिरेतून रक्त घेणे कमी वेदनादायी ठरते आणि पुन्हा टोचण्याची वेळही कमी वेळा येते. बऱ्याच जणांना हे उलटे वाटते, कारण टाचेची सुई लहान दिसते. पण टाचेतील खरी वेदना टोचण्याची कमी आणि पिळण्याची जास्त असते. नळी भरत नाही म्हणून आपण टाच दाबत राहतो; त्यातून रक्तपेशी फुटतात, पोटॅशियम खोटे वाढलेले येते, आणि प्रयोगशाळेचा निरोप येतो की नमुना पुन्हा पाठवा. म्हणजे घाईने पिळलेली टाच पुन्हा टोचली जाते.

टाच टोचावीच लागली तर साधी सुई किंवा हाताने मारायचे पाते न वापरता आपोआप मागे जाणारे स्वयंचलित लॅन्सेट (टोचणीचे छोटे उपकरण) वापरा, आणि ते तळव्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला लावा. टाचेच्या मागच्या गोलाईवर कधीही नको, कारण तिथे हाड कातडीच्या अगदी जवळ असते. पाय पकडताना तळवा मुठीत आवळू नका. दाब द्या, सोडा, पुन्हा रक्त भरू द्या, मग दाबा. टाच गरम केल्याने वेदना कमी होत नाही, एवढे मात्र लक्षात असू द्या.

आता साखरेचे बोलू. जिभेच्या पुढच्या भागाला गोड चव लागली की बाळाच्या शरीरातील स्वतःची अफूसदृश वेदनाशामक द्रव्ये कामाला लागतात, असे मानले जाते. परिणाम चवीतून होतो, पोटातून नाही. म्हणून नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे दिलेली साखर या कामी निरुपयोगी असते. द्रावण सहसा २४ टक्के सुक्रोजचे असते. ते नसेल तर २० ते ३० टक्के ग्लुकोज वापरतात. सुईच्या दोन मिनिटे आधी द्यायचे. परिणाम साधारण पाच ते आठ मिनिटे टिकतो, म्हणून काम लांबले तर मध्ये आणखी थोडे द्यावे लागते. किती द्यायचे याबद्दल विभागागणिक मोठा फरक दिसतो, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाचेच्या टोचण्यासाठी ०.१ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब, त्याहून मोठ्या मात्रांइतकेच परिणामकारक ठरले. मी स्वतः अगदी लहान बाळांना ०.१ ते ०.२ मिलिलिटर आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला अर्धा ते एक मिलिलिटर याच मर्यादेत राहते. एक मिलिलिटरच्या सिरिंजने, सुई काढून, थेंब थेंब. त्यानंतर चोखायला चोखणी किंवा हातमोजा घातलेले करंगळीचे टोक दिले तर परिणाम वाढतो. चोखणे हा स्वतंत्र उपायच आहे.

या दोन मिनिटांत काय करायचे, असे विचारले जाते. साहित्य मांडा, नळ्यांवर नाव लिहा, हात धुवा, दिवा बाळाच्या डोळ्यांवरून बाजूला करा. हे सगळे तुम्ही करणारच आहात; फक्त साखर या तयारीच्या शेवटी न देता सुरुवातीला द्या. माझ्या विभागात आम्ही एवढाच क्रम बदलला आणि "वेळ नाही" ही तक्रार बऱ्यापैकी विरली.

साखरेने दुखणे कमी होते की बाळ नुसते गप्प होते, ही तुमची शंका अगदी रास्त आहे. २०१० मध्ये एका चाचणीत पूर्ण दिवसांच्या बाळांच्या मेंदूतील विद्युतलहरी टाच टोचताना नोंदवल्या गेल्या. साखर दिलेल्या बाळांच्या चेहऱ्यावर वेदना कमी दिसली, पण मेंदूतील वेदनेशी निगडित लहर तेवढीच राहिली. यावर तज्ज्ञांत अजूनही मतभेद आहेत. रडणे कमी होणे आणि बाळ लवकर शांत होणे, हा लाभ मोठ्या संख्येने झालेल्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसला आहे, म्हणून मी साखर सोडत नाही. पण ती दिली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे मला मान्य नाही. विशेषतः पाठीतून पाणी काढण्यासारख्या खोल प्रक्रियेत एकट्या साखरेवर भागवणे चूकच आहे.

दहा वेळा दिली तर काय, याचे उत्तर बाळाच्या गर्भवयावर अवलंबून आहे. ३१ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या एका अभ्यासात पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रक्रियेसाठी साखर दिली गेली, आणि त्या गटात ज्यांना जास्त मात्रा मिळाल्या त्यांचे हालचालींच्या विकासाचे आणि सजगतेचे गुण काही आठवड्यांनी कमी आढळले. त्यामुळे इतक्या लहान बाळांत मी दिवसाला दहाच्या आत राहण्याचा प्रयत्न करते आणि प्रत्येक मात्रा औषधासारखी तक्त्यावर लिहायला लावते. नुसत्या रडण्यासाठी, झोपवण्यासाठी, "जरा शांत राहावे म्हणून" साखर द्यायची नाही. भूक, ओले दुपटे किंवा चुकीच्या स्थितीत आखडलेले अंग यांवर ती उपाय नाही. आतड्याच्या दाहाची शंका असेल, अन्ननलिकेत जन्मजात दोष असेल किंवा गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि साखरेऐवजी मध कधीही नाही. एक वर्षाखालील बाळात त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

जाता जाता एक सूचना. ग्लुकोजचे द्रावण वापरत असाल तर त्याने चिकट झालेल्या हातमोज्यांनी रक्तशर्करेसाठी टाच धरू नका. यंत्रावर भलताच मोठा आकडा येतो आणि बाळाला पुन्हा टोचावे लागते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पूर्ण दिवसांचे, अंगावर पिणारे बाळ असेल तर मात्र साखरेची बाटली उघडण्याआधी आईकडे पाहा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८० नवजातांवरील एका चाचणीत रक्त घेताना काही बाळे आईचे दूध पीत होती, काही नुसती आईच्या कुशीत होती, काहींना निर्जंतुक पाणी आणि काहींना ३० टक्के ग्लुकोजसह चोखणी दिली होती. दूध पिणाऱ्या आणि ग्लुकोज-चोखणी मिळालेल्या दोन्ही गटांत वेदना लक्षणीयरीत्या कमी होती. नुसते कुशीत घेण्याने तेवढा फरक पडला नाही. इथेही वेळच निर्णायक आहे: बाळाने स्तन नीट तोंडात घेऊन, ओढ लागून, गिळणे सुरू झालेले असले पाहिजे. त्यासाठी दोन ते पाच मिनिटे लागतात. सुईच्या क्षणी घाईने छातीशी लावलेले बाळ पीत नाही. बाळाला ठसका लागेल किंवा ते नंतर दूध घ्यायला घाबरेल, ही भीती अनेकांना वाटते. चाचण्यांत तसे आढळलेले नाही.

जे बाळ अजून पिऊ शकत नाही, त्याच्यासाठी कांगारू पद्धत आहे. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटामध्ये इनक्युबेटर कमी पडल्यामुळे सुरू झाली, आणि आता ती वेदनाशामक उपाय म्हणूनही अभ्यासली गेली आहे. आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, दहा-पंधरा मिनिटे आधी बाळाला ठेवायचे आणि तिथेच, पाय बाहेर काढून, टाचेचे रक्त घ्यायचे. परिचारिकेला वाकावे लागते, स्टूल पुढे ओढावे लागते, हे खरे आहे. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांत वारंवार केलेल्या टाचेच्या टोचण्यांमध्ये ही पद्धत साखरेइतकीच परिणामकारक ठरली आहे, आणि तिच्या मात्रेला वरची मर्यादा नाही.

कोणीच नसेल, मध्यरात्र असेल, तर तुमचे दोन हात आहेत. खरे म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी दोन हात, कारण टोचणारा आणि धरणारा एकच असू नये. त्या रात्री माझ्यासमोर वरिष्ठ परिचारिकेने जे केले त्यालाच "फॅसिलिटेटेड टकिंग" असे पद्धतशीर नाव आहे. बाळाला कुशीवर, हात छातीशी आणि गुडघे पोटाशी अशा गर्भातील स्थितीत दोन्ही तळव्यांनी स्थिर धरून ठेवायचे. थोपटायचे नाही, चोळायचे नाही. अतिशय लहान बाळाला चोळणे हाही त्रासच वाटतो. हात गरम असावेत. आणि सुई निघाल्याबरोबर हात काढून घेऊ नयेत. श्वास आणि ठोके पूर्ववत होईपर्यंत धरून ठेवावे.

मलमाबद्दल: लिडोकेन आणि प्रायलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेले मलम शिरेच्या सुईसाठी किंवा पाठीतून पाणी काढण्यासाठी उपयोगी आहे, पण वरून पट्टी चिकटवून ते साधारण ६० मिनिटे राहिले पाहिजे. टाचेच्या टोचण्याला ते उपयोगी पडत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. लहान बाळात प्रायलोकेनमुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे ऑक्सिजन न वाहणाऱ्या मेथहिमोग्लोबिनमध्ये रूपांतर होण्याचा धोका असतो, म्हणून तीन महिन्यांखालील बाळात एका ग्रॅमपेक्षा जास्त नको, दहा चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठ्या जागेवर नको, एका तासापेक्षा जास्त वेळ नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळात आणि सल्फासारखी औषधे चालू असलेल्या बाळात डॉक्टरांच्या स्पष्ट सूचनेशिवाय लावूच नका. तातडीच्या कामात तासभर थांबता येत नाही, हे उघड आहे. पण ठरलेल्या वेळी करायच्या प्रक्रियेसाठी "मलम लावायचे राहिले" ही सबब चालणार नाही.

पाठीतून पाणी काढताना मलमाबरोबर १ टक्का लिडोकेन कातडीखाली हळूहळू टोचावे. त्यात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते आणि मी नवजातांत किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही, म्हणजे दोन किलोच्या बाळाला ०.६ मिलिलिटर. जागा बधिर केली की बाळ कमी धडपडते आणि पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ नमुना मिळण्याची शक्यता वाढते. धरणाऱ्याने मान वाकवू नये, कंबर आणि नितंब वाकवावेत; मान दुमडल्याने श्वास कोंडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाची तपासणी "नुसते डोळे पाहणे" मानली जाते, पण पापण्या फाकवणारी चिमटी अतिशय दुखते: बधिर करणारे थेंब, साखर, दुपट्यात गुंडाळणे आणि डोके धरणारी एक व्यक्ती, हे चारही हवे. चिकटपट्टी काढणे तर कोणी प्रक्रियेत धरतच नाही. कोमट पाण्याने किंवा तेलाने भिजवून, पट्टी वर न ओढता कातडीला समांतर मागे दुमडत काढा. ओढून काढलेल्या पट्टीबरोबर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कातडीचा थरही निघतो.

मोठी औषधे या कामाची नाहीत. पॅरासिटामॉल टाचेच्या टोचण्याच्या वेदनेवर उपयोगी ठरलेले नाही. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाने बाळ गुंगते, वेदना शमत नाही. बाळ स्वस्थ पडले म्हणून आपलेच समाधान होते. तोंडावाटे मॉर्फिन देऊन पाहणारी ऑक्सफर्डची पॉपी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. वेदना कमी झाल्याचे दिसले नाही आणि श्वासावर दुष्परिणाम दिसले, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. कृत्रिम श्वसनावरील बाळाला किंवा शस्त्रक्रियेनंतर ही औषधे लागतात, तो विषय वेगळा आहे.

तुमच्याकडे काही महिन्यांची बाळेही दाखल होत असतील. त्यांच्यात साखरेचा परिणाम वर्षभरापर्यंत दिसतो, पण वयाबरोबर कमी होत जातो. या वयाच्या बाळाला पलंगावर आडवे दाबून धरण्यापेक्षा पालकाच्या मांडीवर, छातीला छाती लावून उभे धरणे चांगले. ओळखीचा आवाज, डोळ्यांसमोर हलणारी वस्तू यांचा उपयोग होतो, मात्र लक्ष सुईपूर्वीच वेधलेले असावे.

आणि एक नियम विभागाच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे: एका व्यक्तीने दोनदा प्रयत्न करायचा, नाही जमले तर दुसऱ्याला बोलावायचे. पाचव्या प्रयत्नात शीर सापडल्याचा अभिमान मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. बाळाच्या हिशेबात तो अभिमान पाच सुयांचा असतो.

राहिला आईचा प्रश्न. तिला बाहेर पाठवण्यामागे बहुतेकदा आपलीच अडचण असते; कोणी बघत असेल तर आपला हात कापतो. हे मी मान्य करते, माझाही कापत असे. पण विचारून पाहा, बहुतेक आयांना जवळ थांबायचे असते, आणि वर लिहिलेले निम्मे उपाय तर तिच्याशिवाय होतच नाहीत. तिला आधी सांगा की काय होणार आहे, किती वेळ लागेल, बाळ रडले तरी तिने हात काढून घ्यायचे नाहीत. बाळाला पकडून ठेवण्याचे काम तिला देऊ नका, ते तुमच्या सहकाऱ्याचे. तिचे काम जवळ राहण्याचे आणि पाजण्याचे. काही जणींना पाहवत नाही आणि त्या उठून जातात. त्यांना थांबा म्हणून गळ घालू नका, दाराबाहेर खुर्ची द्या, आणि कापसाचा बोळा बाळाच्या टाचेवर असतानाच हाक मारा. बाळ पूर्ण सावरल्यावर बोलावले तर तिला कुशीत घ्यायला उशीर झालेला असतो.